नानांनी लावलेला खरवस

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या दुधात पाणी शोधलं. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते टेस्टर होते. पहाटे केंद्र उघडायचं, रांगेतल्या एकेकाच्या कॅनमधून मापभर दूध घ्यायचं, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा आणि काचेवरची रेघ वाचून आकडा सांगायचा. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की आकडा हलतो, असं ते म्हणतात. गावात सगळे त्यांना नाना म्हणायचे आणि पाठीमागे आणखी बरंच काही म्हणायचे. नाना केंद्रावर असले की म्हशीसुद्धा घट्ट दूध देतात, हे त्यातलं सगळ्यात सभ्य.

दुधाच्या माणसाच्या घरात दह्यातुपाची चंगळ असणार, असा लग्नाआधी माझा समज होता. कसली चंगळ! नानांच्या घरी दूध यायचं ते केंद्रावरून, रीतसर पावती करून. आणि खरवसाचं तर नावच काढायचं नाही. कुणाची म्हैस व्याली की तो माणूस पहिल्या दिवसाच्या पिवळ्याधमक चिकाची चरवी घेऊन आधी टेस्टरच्या दारात उभा राहायचा. प्रेमापोटी म्हणा किंवा पुढच्या सहा महिन्यांच्या आकड्यापोटी म्हणा. नाना ती चरवी उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे. "आज ह्याचा चीक खाल्ला, तर उद्या ह्याच्या दुधातलं पाणी मला दिसायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी बायको, नेमकी खरवसासाठी जीव टाकणारी.

आम्ही दोघं परदेशात आलो त्याला अकरा वर्षं झाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते, मी गोठ्यांवरच्या दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करतो. या अकरा वर्षांत तिनं खरवसाचे जेवढे खोटे अवतार केले आणि मी मुकाट्यानं गिळले, त्याबद्दल मला काहीतरी पदक मिळायला हवं. डब्यातल्या घट्ट दुधाचा, दुधाच्या पावडरीचा, दही घालून वाफवलेला. चायना ग्रासचा तर दिसायला हुबेहूब खरवस आणि चावायला खोडरबर. दरवेळी ती एक घास घ्यायची, डोळे मिटायची, मग उघडून म्हणायची, "नाही हो. तो करकरीतपणा नाही."

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर नाना एकटेच होते. या म्हटलं की 'बघू' म्हणायचे. शेवटी बायकोनं परस्पर तिकीटच काढलं, जायचं-यायचं, तीन महिन्यांचं. नाना आले. पेटीत चार धोतरं, दोन सदरे, गुळाची ढेप, जायफळ आणि टॉवेलात गुंडाळलेला लॅक्टोमीटर.

"हा कशाला आणलात?" मी विचारलं.

"असू द्या. परका मुलूख आहे."

तिसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. "जावईबापू, इथे गाई आहेत का?"

"नाना, माझं पोटच गाईंवर आहे."

"मग व्यायला झालेली बघा एखादी. मला परत जायच्या आधी पोरीला एकदा माझ्या हातचा खरवस घालायचाय. बाकी तुमचं शहर, संग्रहालय, तो उंच मनोरा, मला काही बघायचं नाही." आणि मग जरा थांबून, "जन्मभर तिच्या तोंडचा परत पाठवला मी. एवढं मनात राहिलंय."

नाना असं काही बोलणाऱ्यांतले नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

माझ्या फेरीत शहराबाहेर दोनशे गाईंचा एक गोठा लागतो. मालक चांगला सहा फुटांवरचा, लाल गालांचा, शब्द मोजून बोलणारा. नानांनी पहिल्याच भेटीत त्याला 'पाटील' करून टाकलं. गाई बघून मात्र ते थक्क झाले. एकेक गाय आपल्याकडच्या टेम्पोएवढी. "एवढ्या मोठ्या धुडाचं दूध पातळच असणार," असं पुटपुटत त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि दोन्ही बाजूंच्या रांगांमधून सरकारी तपासनीसासारखे हिंडून आले.

मी पाटलांना चिकाचं विचारलं. ते म्हणाले, विकता येत नाही. व्यायल्यानंतरचं पहिल्या काही दिवसांचं दूध टाकीत घालायचंच नाही, असा नियम आहे. ते वासरांना पाजतात, उरलेलं गोठवून ठेवतात. पण एक कॅन हवा तर आनंदानं घेऊन जा, फुकट.

मी नानांना हे सांगितलं आणि नानांचा चेहरा दगडासारखा झाला.

"फुकट? अजिबात नाही. चौतीस वर्षांत घेतला नाही."

"नाना, इथं तुम्ही टेस्टर नाही. त्यांना तुमच्याकडून काही नको आहे."

"त्यांना नको असेल. मला चालत नाही."

म्हणजे एकाला विकता येत नाही आणि दुसऱ्याला फुकट घेता येत नाही. मी मध्ये उभा, इकडचं तिकडं सांगतोय, आणि टाकीचा पंखा बिघडलाय तो कुणी बघत नाहीये. शेवटी नानांनीच तोड काढली. वासरांना दूध पाजायच्या बादल्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. त्यांतली एक उचलून त्यांनी आत बोट फिरवलं, ते पाटलांच्या डोळ्यांसमोर धरलं, मग बाह्या सरसावल्या. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं तासाभरात तीस बादल्या अशा घासल्या की पाटील त्यात स्वतःचं तोंड बघायला लागले. सौदा पटला, फक्त नानांना गोठवलेला नको, ताजाच चीक हवा होता. गाय व्याली की फोन यायचा, आणि नानांनी आधी बादल्या घासायच्या, मग चीक घ्यायचा.

पुढचे दोन महिने नाना दर सोमवारी माझ्याबरोबर गोठ्यावर यायला लागले. व्यायच्या गाई असूनही योग काही जुळेना. कधी मी लांबच्या कामावर असताना गाय व्याली, कधी वासरांनाच कमी पडलं. नाना प्रत्येक गाभण गाईच्या पोटावर हात ठेवून तारीख सांगायचे आणि पाटील मागून बोटांवर दुसरी तारीख दाखवायचे. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघांचं छान चाललं होतं.

परतीच्या तिकिटाला तीन आठवडे उरले तेव्हा कुठे फोन आला. नानांनी चाळीस बादल्या घासल्या आणि दोन लिटर चीक घरी आणला. बायकोला त्या दिवशी स्वयंपाकघरात यायची बंदी होती. नानांनी गूळ किसला, वेलदोडे कुटले, जायफळ उगाळलं. चिकात दूध घातलं, सगळं ढवळून डब्यात ओतलं आणि शिट्टी न लावता कुकर ठेवला. त्यांना स्वयंपाक करताना मी कधी बघितलं नव्हतं, पण माप घालताना हात असा ठाम की मला शंका घ्यायची छाती झाली नाही.

झाकण काढलं तर डब्यात गोड, गरम, पिवळसर दूध. मी दहा मिनिटं थांबू म्हटलं. दहाचे तीस झाले. सुरी घातली, सुरी पोहून परत आली.

बायको म्हणाली, "नाना, पिऊ या ना. मस्त वास सुटलाय." आणि ती पेल्यात ओतून प्यायलीसुद्धा. नानांनी टॉवेलातून लॅक्टोमीटर काढून पुसला आणि परत ठेवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी टाकीपाशी बसून वायरी तपासत होतो. तेवढ्यात बघतो तर नाना पाटलांच्या समोर उभे. कालचा रिकामा कॅन एका हातात. दुसऱ्या हाताचं बोट आधी कॅनकडे, मग भिंतीवरच्या पाण्याच्या नळाकडे, मग सरळ पाटलांच्या छातीकडे. शेवटी भुवया वर. जगातल्या कुठल्याही भाषेत याचा एकच अर्थ होतो.

मी पाना टाकून धावलो. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक, आणि माझ्या सासऱ्यांनी त्याला त्याच्याच गोठ्यात दुधात पाणी घालणारा ठरवलं होतं! मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, पण पाटलांनी हात वर करून मला थांबवलं. गालांचा लाल रंग कपाळापर्यंत चढला होता. ते आत गेले, फ्रीजमधून त्याच गाईच्या, त्याच वेळच्या चिकाचा उरलेला कॅन काढून आणला. वर टांगलेली एक काचेची नळी घेतली. अगदी नानांच्या लॅक्टोमीटरची चुलतबहीण, फक्त हिच्यावर रेघांऐवजी तीन रंगांचे पट्टे. लाल म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे बरा, हिरवा म्हणजे उत्तम. त्यांनी उंच भांड्यात चीक ओतला आणि नळी सोडली. नळी जराशी डुचमळली आणि स्वच्छ हिरव्यात उभी राहिली.

नाना वाकून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी अशाच नळीवर लोकांची अब्रू ठरवली होती. तेव्हा ते कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. आज मात्र त्यांनी मान वर करून पाटलांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मला वाटतं तिथंच त्यांना खरी शिक्षा झाली. पाटलांनी नळी धुतली, टांगली आणि गाईंकडे निघून गेले.

गाडीत मी चिडलेलोच होतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "नाना, चिकात दूध किती घातलंत?"

"एकास दोन. एक भाग चीक, दोन भाग दूध. सगळा गाव तसंच करतो. चौतीस वर्षं रांगेतल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय."

"अहो नाना, ते म्हशीच्या चिकाचं माप! म्हशीचा चीक दाट, त्याला दोन भाग दूध खपतं. गाईच्याला कुठलं खपायला? आणि माप-बिप नंतर. आधी वाटीभर चीक नुसताच वाफवून बघायचा, कितपत धरतोय ते, मग ठरवायचं दूध किती."

नाना सावकाश खुर्चीत बसले. "म्हणजे पाणी त्यानं घातलं नाही. भेसळ मी केली."

"भेसळ कसली नाना—"

"भेसळच ती." मग एकदम त्यांनी वर बघितलं. "तुला गं कुठून माहीत, वाटी लावून बघायचं?"

बायको अडखळली. पुरे दोन सेकंद. "मामीकडे. मामी करायची ना, सुट्टीत."

"हां. मामीकडे," नाना म्हणाले आणि चप्पल घालून फिरायला गेले.

ते गेल्याबरोबर बायकोनं मला सिंकपाशी ओढलं. "तुम्हाला एक सांगते, पण नानांना कळता कामा नये. आमच्या घरी दरवर्षी खरवस व्हायचा. नाना पुढच्या दारातून चरवी परत पाठवायचे आणि तोच माणूस घराला वळसा घालून मागच्या दाराशी यायचा. आई घ्यायची. नाना केंद्रावर गेले की लावायची. मी भांडी घासायच्या मोरीच्या दाराआड उभी राहून खायची, आई रस्त्यावर नजर ठेवून. वाटी लावून बघायला मला आईनंच शिकवलं."

मला हसू आवरेना. "म्हणजे जन्मभर सगळ्या गावाला पकडलं आणि घरातलं तेवढं राहिलं?"

"हसू नका! त्यांना कळलं तर ते मरून जातील. त्यांनी सगळी नोकरी त्या एका गोष्टीवर उभी केली. आणि आता त्यांना वाटतंय, मी उपाशी राहिले. मी सांगू कसं, की नाना, मी तर भरपूर खाल्लाय?"

एकीकडं नाना पोरीची उपासमार भरून काढायला निघालेले, दुसरीकडं पोरीचं पोट भरलेलं, आणि हे ठाऊक असलेला मी आता दोघांच्या मध्ये.

पुढच्या सोमवारी नाना स्वतःहून गाडीत येऊन बसले. गोठ्यावर पोचल्यावर ते थेट पाटलांपुढे गेले, चपला काढल्या, दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले आणि मान खाली घालून उभे राहिले. चौतीस वर्षांत कुणापुढे न वाकलेला माणूस!

पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम काळजी पसरली. ते लगबगीनं आत गेले, आणि कानांवर उतरणारी, आतून लोकर लावलेली एक टोपी आणून त्यांनी स्वतःच्या हातानं नानांच्या डोक्यावर घातली. खालचे बंद हनुवटीखाली बांधून दिले. मग मला दटावलं, म्हाताऱ्या माणसाला इतक्या थंडीत अनवाणी आणि उघड्या कानांनी आणतोस, काही वाटतं का?

मी खुलासा केला तेव्हा ते पहिल्यांदा मोठ्यानं हसले. आठ-दहा गाईंनी माना वळवल्या. नानांनी टोपीसकट बादल्या घासायला घेतल्या. ती टोपी आता फुकट कशी घ्यायची, म्हणून दहा बादल्या जास्त.

परतीचं विमान मंगळवारी होतं. शनिवारपर्यंत फोन नाही. पेटी भरून झाली होती. नाना वरवर 'नशिबात नाही' म्हणायचे आणि फोन वाजला की सगळ्यांच्या आधी उठायचे. रविवारी सकाळी आठला फोन आला. पाटलांनी सांगितलं, चांगली जुनी गाय आहे, तिसऱ्या वेताची, चीक मी स्वतः मोजलाय. आणि म्हाताऱ्याला सांग, आज बादल्या घासू नको, उशीर होईल.

नानांनी घासल्याच. मी घड्याळाकडे बघत उभा.

घरी आल्यावर आधी वाटी लावली. पाऊण तासानं ती उलटी केली, तर वडी ताठ उभी. नानांनी बोटानं दाबून बघितली, मग अर्धा भागच दूध घातलं, तेही दोनदा मोजून. दुपारी तीन वाजता डबा उघडला. सुरी घातली, स्वच्छ बाहेर आली. वड्या कापताना जाळीसारखी बारीक भोकं दिसली आणि बायकोनं श्वास आत ओढला.

नानांनी तिला टेबलापाशी बसवलं. ताटलीत दोन वड्या वाढल्या, समोरची खुर्ची ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसले. तिनं घास घेतला. डोळे मिटले. या वेळी उघडायला बराच वेळ लागला.

"कसा झालाय?"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "नाना, असा खरवस मी जन्मात कधी खाल्ला नाही."

"खोटं बोलू नकोस," नाना शांतपणे म्हणाले. "तुझ्या आईचा यापेक्षा चांगला व्हायचा."

मी हातातली वाटी खाली ठेवली. बायकोचा घास तोंडातच राहिला.

"जायफळाचा वास फाटकापर्यंत यायचा गं. चौतीस वर्षं मी दूध हुंगलं, मला नाक नव्हतं का?"

"मग... आईला बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर बंद करावं लागलं असतं."

नानांनी ताटली जराशी तिच्याकडे सरकवली.

"एकदा दुपारी लवकर घरी आलो होतो. फटीतून बघितलं. तू मोरीच्या दाराआड उभी होतीस, केवढीशी, आणि भराभरा गिळत होतीस. ठसका लागला तरी थांबेनास. मी येईन म्हणून. मी आल्या पावली परत फिरलो, केंद्रावर जाऊन बसलो." त्यांनी धोतराच्या टोकानं नाक पुसलं. "खरवस तू खाल्लास, ते ठाऊक आहे मला. माझ्यासमोर बसून खाल्ला नाहीस कधी. तेवढंच बघायचं होतं."

बायको रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. नंतर तिनं दुसरी वडी उचलली. नाना समोर बसून बघत होते, आणि तिनं ती एक वडी संपवायला अर्धा तास घेतला.